ठिपक्यांनी रंगवलेलं गाव

बिंदुवादी, म्हणजे शुद्ध रंगांच्या ठिपक्यांनी रंगवलेल्या, निसर्गचित्राचं एक मूळ पॅरिसच्या गोब्लँ विणकाम-कारखान्यात सापडतं. तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. रंगात खोट नव्हती. शेजारचे धागे त्या काळ्याला मारत होते. लगतचे रंग एकमेकांचं रूप बदलतात, हे त्यांनी १८३९ च्या ग्रंथात मांडलं. निळ्याशेजारी नारिंगी आला की दोन्ही पेटतात.

फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरानं हे शास्त्र कॅनव्हासवर आणलं. पॅलेटवर रंग कालवायचे नाहीत, शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी मांडायचे, मिश्रण बघणाऱ्याच्या डोळ्यात होऊ द्यायचं. भावाचंही त्यानं गणित बसवलं. १८९० च्या एका पत्रात तो लिहितो: उजळ छटा, उष्ण रंग आणि वर जाणाऱ्या रेषा म्हणजे आनंद, गडद, शीत आणि उतरत्या रेषा म्हणजे खिन्नता, आडव्या रेषा आणि दोन्हींचा तोल म्हणजे शांतता. सपाट शेतांच्या चित्राला हा तिसरा नियम आयताच लागू पडतो.

गावाच्या चित्रांत मात्र मला सरापेक्षा त्याच्याहून वयानं मोठा चित्रकार कामीय पीसारो जवळचा वाटतो. १८८४ पासून तो एरान्यी या खेड्यात राहत होता आणि पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास सरासारख्या तरुणांच्या या पद्धतीकडे वळला. खिडकीतून दिसणारं लाल छप्पर आणि परसू त्यानं रंगवलं. त्याची चित्रं विकणाऱ्या विक्रेत्याला नेमकं तेच खटकलं. १८८८ च्या सफरचंद-तोडणीच्या चित्रात झाडाखालची सावली काळी नाहीच. निळे, जांभळे, लालसर ठिपके तिथे गर्दी करतात, आणि माणसं कामात असूनही सगळं थबकल्यासारखं वाटतं.

हे थबकणं थोडं अपघातानंही आलं असावं. निळा-नारिंगीसारख्या पूरक रंगांचे बारीक ठिपके लांबून एकमेकांना विझवतात आणि करडे होतात. सिद्धान्तानं झगमगाट कबूल केला होता. हाती आलं ते बऱ्याचदा मऊ धुकं. शेतावर ते शोभतं.

पीसारोला ही पद्धत फार काळ मानवली नाही. एकेक चित्र रेंगाळायचं आणि तोवर समोरचा उजेड, मनातली खळबळ दोन्ही निघून जायची. १८९० च्या सुमारास त्यानं ठिपके सोडले आणि पुन्हा मोकळा कुंचला हाती घेतला.