‘भिऊ नको’ खरंच 365 वेळा?

नवं वर्ष जवळ आलं की हा मेसेज फिरू लागतो: बायबलमध्ये ‘भिऊ नको’ बरोबर 365 वेळा आहे, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक.

विचार धीर देणारा आहे, म्हणूनच लोक तो मनापासून पुढे पाठवतात. पण आकडा चुकीचा आहे. मोबाइलवरच्या मराठी बायबलमध्ये ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’, ‘घाबरू नको’, ‘घाबरू नका’ असं एकेक शोधा आणि बेरीज करा. मूळ ग्रंथ मुख्यतः हिब्रू आणि ग्रीकमध्ये असल्यामुळे भाषांतरानुसार संख्या थोडी बदलेल. पण ती शंभराच्या आगेमागे राहते, 365 पर्यंत पोचत नाही. शिवाय इस्राएलचं जुनं वर्ष चांद्रमासांचं, साधारण 354 दिवसांचं, म्हणजे ‘दिवसाला एक’ हा 365चा हिशेब तिथे बसतच नाही.

मोजताना कोण कोणाला बोलतंय तेही वाचा. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात (4:18) याएल नावाची स्त्री लढाईतून पळून आलेल्या सेनापती सीसराला ‘भिऊ नको’ म्हणत तंबूत घेते, आणि तो झोपल्यावर त्याला ठार करते. हे वचन आजच्या दिवसाचा दिलासा म्हणून कसं घ्यायचं? उलट उत्पत्तीच्या 50व्या अध्यायात योसेफ हेच शब्द ज्या भावांनी त्याला विकलं त्यांना बोलतो, आणि त्यांच्या मुलाबाळांना सांभाळायचं कबूल करतो. मला हा एक प्रसंग कुठल्याही बेरजेपेक्षा मोलाचा वाटतो. यशया 41:10 बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात खचलेल्या इस्राएली लोकांसाठी आहे, आणि तिथे न भिण्याचं कारणही देव लगेच देतो: ‘मी तुझ्याबरोबर आहे.’