लेन्स फ्लेअर (संगणकीय निसर्गचित्रातील)

सूर्यासारखा प्रखर प्रकाश थेट भिंगावर पडला की त्याचा काही अंश आतल्या काचांमध्ये उलटसुलट परावर्तित होतो आणि चित्रावर गोल किंवा बहुकोनी डाग, किरण व पांढुरका पडदा उमटवतो. यालाच लेन्स फ्लेअर म्हणतात. छायाचित्रकार भिंगापुढे हूड (आडोसा) लावून तो टाळत आले. संगणकावर घडवलेल्या निसर्गचित्रात काचच नसते, म्हणून तो मुद्दाम घालावा लागतो. पुण्यात चौकातल्या फ्लेक्सपासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींपर्यंत तो सढळ हाताने ओतलेला दिसतो आणि बऱ्याचदा चुकलेला असतो, कारण घालणारा त्याला आकाशाचाच भाग समजतो.

घटक

फ्लेअरमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. सगळ्या चित्राचा काळेपणा उडवणारा धूसर पडदा ही पहिली. दुसरी म्हणजे घोस्ट, म्हणजे छिद्राच्या (अ‍ॅपर्चर, भिंगातून प्रकाश आत सोडणारे, पात्यांनी लहानमोठे होणारे तोंड) आकाराचे रंगीत डाग. तिसरी म्हणजे सूर्याभोवतीचा तारा. हा परावर्तनाने होत नाही, छिद्राच्या पात्यांच्या कडांवर होणाऱ्या विवर्तनाने, म्हणजे कडेपाशी प्रकाश वळून पसरल्याने होतो. पाती सम असतील तर तितकेच किरण दिसतात आणि विषम असतील तर दुप्पट: ६ पात्यांना ६, ७ पात्यांना १४. एफ/१६ च्या आसपास, म्हणजे छिद्र बरेच लहान असताना, तारा टोकदार होतो, तर छिद्र पूर्ण उघडे असताना जवळजवळ दिसत नाही. मागची झाडे पार धुसर झालेली (म्हणजे छिद्र उघडे) आणि सूर्याला मात्र सुबक तारा, अशी चित्रे त्यामुळेच खटकतात.

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. घोस्ट तयार व्हायला दोन परावर्तने लागतात, म्हणजे मूळ प्रकाशाच्या जेमतेम ०.१६ टक्के उरतो. १९३५ मध्ये त्साइस या जर्मन भिंग कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेपाचे पेटंट घेतले, तेव्हापासून हे प्रमाण आणखी घसरत गेले. पृष्ठांच्या प्रत्येक जोडीतून एक घोस्ट निघू शकतो. तीन काचांच्या जुन्या भिंगात ६ पृष्ठे असतात, त्यांच्या जोड्या १५. सोळा सुट्या काचांच्या झूममध्ये ३२ पृष्ठे आणि ४९६ जोड्या. जुन्या भिंगाचा फ्लेअर म्हणून मोजक्या पण ठसठशीत डागांचा असतो आणि नव्याचा पुष्कळ पण फिक्या डागांचा. एकाच चित्रात दोन्ही मिसळू नयेत.

सूर्याची जागा आणि मोजमाप

सूर्याची चकती आकाशात सुमारे ०.५३ अंशांची असते. ३६ मिमी रुंद सेन्सर, ३५ मिमी भिंग आणि १९२० पिक्सेल रुंदी धरली तर ती अवघी १७ पिक्सेल भरते. नवशिके ती दीडशे पिक्सेलची काढतात, मग तिला शोभेल म्हणून फ्लेअरही फुगवतात.

घोस्ट नेहमी सूर्य आणि चित्राचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर पडतात. १९२० बाय १०८० च्या चौकटीत सूर्य (१५००, २००) वर असेल तर मध्य (९६०, ५४०) आणि रेषेवरचा मध्यापलीकडचा सममित बिंदू (४२०, ८८०). म्हणून चौकट आधी कापावी, फ्लेअर नंतर घालावा. नंतर कापली तर मध्य सरकतो आणि रेषा कुठल्या कुठे जाते.

पर्वतीवरून दिसणारा सिंहगड हा पुणेकरांचा आवडता विषय, आणि त्यामागे मावळणारा सूर्य ही आवडती चूक. पर्वतीवरून सिंहगड नैर्ऋत्येला, उत्तरेपासून सुमारे २१३ अंशांवर आहे. पुण्याच्या १८.५ अंश अक्षांशावर सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळतो तो डिसेंबरअखेरीस, सुमारे २४५ अंशांवर. म्हणजे तिथून तो गडामागे कधीच मावळत नाही. डिसेंबरात तो गडाच्या बरोबर वर येतो खरा, पण तेव्हा क्षितिजापासून ४० अंश उंच असतो. गड मध्यावर ठेवून ३५ मिमीने मावळतीचे चित्र केले, तर चौकट मध्यापासून २७ अंशांवर संपते आणि सूर्य ३२ अंशांवर, म्हणजे उजव्या कडेबाहेर राहतो. अशा वेळी तारा घालूच नये. उजवीकडून येणारा पातळ पडदा आणि फार तर एखाद-दुसरा अस्पष्ट घोस्ट पुरतो.

कृती

ब्लेंडर या त्रिमिती प्रणालीत रेंडर (तयार होणारे चित्र) ३२ बिट ईएक्सआर या फाइल प्रकारात काढून मग कंपोझिटरमधला (चित्रावर पुढचे संस्कार करणारा भाग) ग्लेअर नोड लावावा. ८ बिटमध्ये सूर्य आणि पांढरा ढग दोन्ही २५५ या कमाल उजेडावर अडकतात आणि ढगालाही किरण फुटतात. नोडचा थ्रेशोल्ड (किती उजेडापासून परिणाम लागू व्हावा ती मर्यादा) १ पासून सुरू करून वर न्यावा. खडकवासल्याच्या पाण्यावरची चमचम दाखवताना तो खाली राहिला तर प्रत्येक लाटेवर चांदणी उगवते. रेंडरमधले चुकार झळझळीत पिक्सेलही असेच ताऱ्यांचे रूप घेतात, म्हणून नॉइज (असे विखुरलेले ठिपके) आधी काढावा आणि ग्लेअर मागाहून द्यावा.

फोटोशॉपमध्ये फिल्टर थेट चित्रावर मारला की मागे फिरणे अवघड. वर नवा लेअर घेऊन काळ्या रंगाने भरावा, त्यावर रेंडर गटातला लेन्स फ्लेअर लावावा आणि ब्लेंड मोड स्क्रीन करावा. काळे नाहीसे होते, उजेड राहतो. ब्राइटनेस १०० वर असते. निसर्गचित्राला ५० ते ७० पुष्कळ झाले. हा फिल्टर सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत चालत नाही, त्यामुळे छपाईचे रूपांतर शेवटी करावे. मंद पडद्यात छपाईवर पट्टे पडतात. १६ बिटमध्ये काम आणि मुद्दाम घातलेला १-२ टक्के बारीक नॉइज हा त्यावरचा उतारा.

फ्लेअरचा लेअर सर्वांत वर असतो, झाडाच्या फांदीवरूनही डाग जातो. पण सूर्यच फांदीआड गेला तर घोस्टही त्याच प्रमाणात मावळले पाहिजेत. चलचित्रात ते एका फ्रेममध्ये फट्‌कन विझवले तर बल्ब घालवल्यासारखे दिसते. चकती जितक्या फ्रेममध्ये झाकली जाते तितक्यातच उतरवावे.

पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी तयार चित्र उलटे करून चिकटवतात तेव्हा फ्लेअरही उलटतो आणि तलावात घोस्ट तरंगू लागतात. प्रतिबिंब आधी, फ्लेअर मागून. ३६० अंशांच्या चित्रात ठराविक मध्यच नसल्याने घोस्टना अर्थ उरत नाही. आषाढातल्या मुळशीच्या भरल्या आभाळालाही ते लागू नाहीत. तिथे उजेड सगळ्या ढगातून पसरून येतो, घोस्ट उमटायला एकवटलेला स्रोत लागतो. याउलट मे महिन्यातल्या संध्याकाळी धुरळ्यामुळे सूर्याभोवती दिसणारे पिवळट वलय हवेतले, म्हणजे देखाव्यातलेच असते. ते वातावरणाच्या सेटिंगमधून द्यावे आणि टेकडीच्या मागे ठेवावे.