कोविड, आयव्हीएफ आणि ‘इलेक्टिव्ह’ या शब्दाचा घोळ

वयात आल्यावर गालगुंड झालं की अंडकोषाला सूज येऊन पुढे मूल व्हायला त्रास होऊ शकतो, हे आपल्याकडे आजी-आजोबांनाही माहीत असायचं. मग एचआयव्हीच्या काळात स्पर्म वॉशिंग (वीर्यातून शुक्राणू धुऊन वेगळे काढणं) आलं, 2016 ला डासांमुळे पसरणाऱ्या झिका व्हायरसमुळे अनेक जोडप्यांना मूल होऊ देण्याआधी थांबायला सांगितलं. पण खरा गोंधळ 2020 चा.

मार्च 2020 मध्ये अमेरिका-युरोपातल्या फर्टिलिटी डॉक्टरांच्या संघटनांनी सांगितलं की आयव्हीएफची (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचाराची) नवीन सायकल, म्हणजे नवी फेरी, सुरू करू नका, ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) पुढे ढकला. व्हायरस गरोदरपणात काय करेल कुणालाच माहीत नव्हतं, हॉस्पिटलं भरत होती, त्यामुळे काही आठवडे थांबणं समजण्यासारखं होतं. अडलं ते ‘इलेक्टिव्ह’ या शब्दावर. डॉक्टरांच्या भाषेत इलेक्टिव्ह म्हणजे तारीख ठरवून करता येणारं, पण लोकांपर्यंत ते पोचलं ‘हौसेचं’ म्हणून, जणू नाकाचं ऑपरेशन आणि आयव्हीएफ एकाच रांगेतलं. 38-40 वय, एएमएच (अंडाशयात किती अंडी उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 1 च्या खाली, अशा बाईसाठी प्रत्येक पाळी म्हणजे गेलेला चान्स असतो हो! मी त्यातलीच. लॉकडाऊन लागलं, पाळीच्या दुसऱ्या दिवशी सायकल सुरू करायला क्लिनिकला फोन केला तर "मॅडम, पुढच्या महिन्यात बघू", आणि इंजेक्शनचं पेन फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी तसंच. एप्रिल संपता संपता त्याच अमेरिकन संघटनेने हळूहळू सुरू करा म्हटलं, आणि उपचार लांबवता येत नाहीत हेही मान्य केलं. हे आधीच ठळकपणे सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

त्याच वर्षाअखेरीस लसीने वंध्यत्व येतं ही अफवा सुटली, व्हायरसचं प्रोटीन वारेतल्या प्रोटीनसारखं असतं म्हणे. लस घेतलेल्या बायकांच्या आयव्हीएफ सायकली तपासल्या, तेव्हा अंडी, भ्रूण, गर्भधारणा कशातच फरक दिसला नाही. आपल्याकडे गरोदर बायकांना लस खुली झाली जुलै 2021 मध्ये.

इन्फेक्शनचं मात्र थोडं वेगळं निघालं. तापाने स्पर्म काउंट तात्पुरता खाली येतो, नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. इस्रायलमधल्या एका अभ्यासात कोविडनंतर 60 दिवसांच्या आत फ्रोझन ट्रान्सफर (आधी गोठवलेलं भ्रूण सोडणं) केलेल्यांत गर्भधारणा कमी दिसली, त्यानंतर केलेल्यांत तसं नव्हतं. म्हणून भ्रूण आधीच फ्रीज असतील तर दोन महिने थांबायला हरकत नाही, पण पिकअपच (अंडी बाहेर काढणंच) व्हायचं असेल आणि वय पुढे सरकत असेल तर तोच नियम डोळे झाकून लावू नका, डॉक्टरांना वय आणि एएमएच समोर ठेवून विचारा.