टीअरड्रॉप ट्रेलर: आकार कोणी ठरवला?

टीअरड्रॉप (शब्दशः ‘अश्रूचा थेंब’) म्हणजे मोटारीमागे ओढायची, दोन माणसांच्या झोपण्यापुरती पेटी. पुढून गोल, मागे निमुळती. मागचे झाकण वर उचलले की स्वयंपाकाचा ओटा. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, ती अमेरिकेत रुजली. पॉप्युलर मेकॅनिक्ससारखी मासिके घरी बांधायचे आराखडे छापत होती आणि लोक मागच्या अंगणात ते उभे करत होते. आकाराचे श्रेय सहसा वायुगतिकीला दिले जाते. क्रायस्लरची एअरफ्लो मोटार १९३४ मध्ये आली, थेंबासारख्या गोलाईची फॅशन होती, हे खरे. पण मोटारीच्या मागे हवा आधीच घुसळलेली असते. तिथे शेपटीच्या निमुळतेपणाचा फायदा थोडाच. खरा फायदा एवढाच, की चार फूट उंचीची पेटी त्या काळच्या उंच मोटारीच्या आडोशाला पूर्ण लपत असे. बाकीचा आकार प्लायवूडच्या वखारीने आणि मोटारींच्या भंगारवाल्याने ठरवला.

आधी प्लायवूड. अमेरिकेत ४×८ फुटांचा प्रमाणित तक्ता १९२८ मध्ये आला. तेव्हाचा सरस ओल लागली की सुटायचा आणि थर उलगडायचे. १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या हार्बर प्लायवूड कंपनीत जेम्स नेव्हिन यांनी पूर्ण जलरोधक चिकटद्रव्य तयार केले आणि बाहेर उभ्या राहणाऱ्या वस्तूसाठी प्लायवूड वापरता येऊ लागले. एक तक्ता म्हणजे ट्रेलरची एक बाजू. आठ फुटांतले सव्वासहा फूट झोपायला आणि उरलेले ओट्याला. झोपणाऱ्यांचे पाय ओट्याखाली जातात. मागची उतरती गोलाई अशीच सुचली असावी: पायांना उंची लागत नाही.

रुंदी ठरवली ॲक्सलने, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याने. फोर्डच्या मॉडेल टी मोटारी १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटी बनल्या. मंदीत त्या आणि नंतरच्या मॉडेल ए मोटारी ठिकठिकाणी मोडीत पडल्या होत्या. दोन्हींच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर ५६ इंच. मॉडेल एचे साडेचार इंची टायर धरले तर आत साडेएक्कावन्न इंच उरतात. त्यात ४८ इंची तक्ता बसतो आणि दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन इंच मोकळे राहतात.

जाणकार मागचा नव्हे, पुढचा ॲक्सल उचलत. मागच्यात डिफरन्शियलचे (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीचे) वजन फुकट ओढावे लागते. मॉडेल टीच्या पुढच्या चाकांना तर ब्रेकही नव्हते, म्हणजे काढून टाकायलाही काही नाही. पण पुढची चाके वळतात, ती अडवावी लागत. टाय रॉड या जोडदांड्यामुळे दोन्ही चाके समांतर राहतात, तरी एकत्र वळू शकतातच. म्हणून टाय रॉड ॲक्सललाच पक्का जखडायचा किंवा चाकांचे वळणारे खुंट (स्टब) वेल्डिंग करून टाकायचे. जखडण्याआधी दोन्ही टायरांमधले अंतर पुढून आणि मागून मोजायचे. त्यात तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला तर टायर रस्त्यावर घासत जातात आणि लवकर झिजतात. दुसरी अडचण पाट्याची, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची. फोर्डचा पाटा आडवा असल्याने तो ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवत नाही. ते काम विशबोन या त्रिकोणी आधारदांड्याचे. ॲक्सल घेतला आणि विशबोन भंगारातच राहिला, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात ॲक्सल तिरका होणारच.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर होते आणि ॲल्युमिनियम विमानांकडे जात होते. १९४५ नंतर हे उलटे झाले. ॲरिझोनातल्या किंगमनच्या तळावर हजारो लष्करी विमाने मोडीत निघाली, जीपची १६ इंची चाके सरकारी विक्रीत आली. तेव्हाच्या काही ट्रेलरवर बॉम्बफेकी विमानांच्या पंखांचा पत्रा आणि खाली जीपची चाके होती. विमानाचा पत्रा कडक असतो. मोठ्या गोलाईवर छान बसतो, पण अरुंद वळणावर चिरतो. शिवाय वापरलेल्या पत्र्याला रिपिटांच्या भोकांच्या रांगा. याच काळात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या किट कंपनीने (स्थापना १९४५) तयार टीअरड्रॉप विकायला सुरुवात केली.

मग दिवस बदलले. मोटेल वाढली, १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग आले, इंजिने मोठी झाली आणि लोक उभे राहता येईल असे ट्रेलर ओढू लागले. १९६० च्या दशकात टीअरड्रॉप जवळपास संपला. १९९० नंतर इंटरनेटवर जुने आराखडे फिरू लागले तेव्हा बांधणारे पुन्हा भंगारवाल्याकडे गेले, पण तिथला माल बदलला होता.

आता इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या मोटारींचा मागचा ॲक्सल मिळतो: साधा आडवा दांडा, डिफरन्शियल नाही, चाके वळत नाहीत. क्रायस्लरच्या १९८४ नंतरच्या मिनीव्हॅनचा ॲक्सल लोकप्रिय झाला, कारण त्याला पाटे होते. चासीला (ट्रेलरच्या खालच्या सांगाड्याला) पाट्यांच्या टोकांसाठी चार कड्या वेल्ड केल्या की काम झाले. कॉइल स्प्रिंगवाल्या ॲक्सलला स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जागा नेमक्या कोनात बांधाव्या लागतात. चाक घेताना बोल्टचे वर्तुळ मोजावे. ते ओढणाऱ्या गाडीशी जुळले (बऱ्याच गाड्यांत पाच बोल्ट, ११४.३ मिमी) तर एक स्टेपनी दोघांना चालते.

चुका मात्र जुन्याच. सात माणसांच्या हिशेबाचे पाटे ४५० किलोच्या ट्रेलरखाली लवतच नाहीत. ट्रेलर उड्या मारतो, स्क्रू सैल होतात, कपाटे सांध्यातून सुटतात. पाटे कमी करावेत, शॉक ॲब्सॉर्बर काढू नयेत. दुसरी चूक वजनाची. हिचवर, म्हणजे मोटारीला जोडणाऱ्या सांध्यावर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे इथे ४५ ते ६८ किलो. ॲक्सलच्या मागे एक मीटरवर ४० लिटर पाणी ठेवले आणि हिच ॲक्सलपासून अडीच मीटरवर असली, तर हिचवरचा १६ किलो भार कमी होतो. टीअरड्रॉपचा ओटा मागेच असल्याने हे सहज घडते आणि वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो. म्हणून ॲक्सल मध्याच्या थोडा मागे घ्यावा.

पत्रा सगळीकडे चिकटवू नये. तीन मीटर ॲल्युमिनियम ४० अंशांच्या फरकात जवळपास तीन मिलिमीटर वाढते. भोके थोडी मोठी ठेवली नाहीत तर पत्र्याच्या मध्यभागी फुगवटे येतात. सड सुरू होते ती झाकणाच्या बिजागरीपाशी आणि भिंतीच्या खालच्या कापलेल्या कडेला. ती कड जोडण्याआधी इपॉक्सीने भरावी, नंतर तिथे हात पोहोचत नाही. छताला झडप हवीच, नाहीतर दोघांच्या श्वासाची वाफ रात्रभर पत्र्याच्या आतून ठिबकते.

दिव्यांचे एक राहिले. अमेरिकी ट्रेलरच्या साध्या चार तारांच्या जोडणीत ब्रेक आणि वळणाचा दिवा एकच असतो. भंगारातल्या टेललाइटला पिवळा दिवा वेगळा असेल, तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. आणि ॲक्सलची पावती जपून ठेवावी: घरी बांधलेल्या ट्रेलरला अनेक राज्ये तपासणीनंतर नवा क्रमांक देतात आणि तेव्हा सुटे भाग कुठून आणले हे विचारतात.