समुद्रबूड जमिनीवरील जलवहन

किनाऱ्यापासून खोल समुद्राच्या तीव्र उतारापर्यंत पसरलेला, साधारण २०० मीटरपर्यंत खोलीचा सागरतळ म्हणजे समुद्रबूड जमीन किंवा भूखंडमंच. या पट्ट्यावर पाणी किनाऱ्याला समांतर सहज वाहते. किनारा आणि खोल समुद्र यांच्यातली ये-जा मात्र त्याला जड जाते. कारण पृथ्वीच्या परिवलनात आहे. कोरिऑलिस प्रेरणा (परिवलनामुळे वाहत्या पाण्याला बाजूला वळवणारी प्रेरणा) आणि पाण्याच्या दाबातील फरक यांचा तोल साधला की प्रवाह समान खोलीच्या रेषा धरूनच चालतो. म्हणून हा तोल कुठे मोडतो, हाच खरा कळीचा प्रश्न.

घर्षणामुळे तो मोडतो. ‘फ्राम’ जहाजाच्या १८९३–९६ च्या ध्रुवीय सफरीत नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांना बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकताना दिसला. स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले: वाऱ्याने ढकललेल्या वरच्या थरातील पाण्याचे एकूण वहन वाऱ्याशी काटकोनात होते, उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून वारा वाहतो, पृष्ठजल समुद्राकडे लोटले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. तिथली अफाट मत्स्यसंपत्ती यावरच पोसली आहे.

अगदी उथळ पाण्यात वाऱ्याच्या घर्षणाने ढकलला जाणारा पृष्ठाचा थर आणि तळाशी घासणारा थर एकमेकांत मिसळतात व ही यंत्रणा लंगडी पडते. तिथे लाटांचे राज्य. लाटेतला पाण्याचा कण पुन्हा मूळ जागी येत नाही, किंचित पुढे सरकतो, हे ब्रिटनमधील गणितज्ञ स्टोक्स यांनी १८४७ मध्ये दाखवले. असे किनाऱ्याकडे आलेले पाणी तळालगतून, किंवा अरुंद वेगवान प्रवाहांतून परत फिरते. पोहणाऱ्यांना ओढून नेणारे प्रवाह ते हेच.

भरतीची लाट ४,००० मीटर खोलीवर सेकंदाला सुमारे २०० मीटर धावते, तर १०० मीटर खोलीवर जेमतेम ३१ मीटर; वेग घटतो तशी तिची उंची वाढते. डोळ्यांना दिसणारी सर्वांत मोठी हालचाल हीच. तरी आलेले बहुतेक पाणी ओहोटीबरोबर परत जाते, त्यामुळे निव्वळ वहन थोडेच उरते. भरतीचे मोठे काम पाण्याच्या पोटात चालते. भूखंडमंचाच्या कडेवरून भरती-ओहोटीचे पाणी वरखाली होताना, हलके पाणी वर आणि जड खाली अशा थरांच्या सीमेवर अंतर्गत लाटा उठतात. उथळ भागात फुटताना त्या खालचे थंड पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. पृष्ठभागावर त्यांच्या खुणा गुळगुळीत पट्ट्यांसारख्या दिसतात, आणि किनाऱ्यावर वाढणाऱ्या अनेक जीवांच्या अळ्या या पट्ट्यांत साचून त्यांच्याबरोबर किनाऱ्याकडे सरकतात.