पावती कुणाची फाडू : पक्षाची की उमेदवाराची?

निवडणूक आली की माझ्याकडे पावतीपुस्तक येतं. गेल्या विधानसभेला सोलापूरच्या पूर्व भागात एका विडी कारखान्याच्या ब्रँचबाहेर उभा होतो. विड्या जमा करून आलेल्या एका मावशींनी पदराच्या गाठीतून 50ची नोट सोडवली, पण हातात काही देईनात. "पार्टीला का मानसाला? उद्या त्यानं पार्टी बदलली तर माजे पन्नास कुनाचे?"

प्रश्न बिनतोड होता. "एक नोट, एक वोट" म्हणून डबा एकच फिरतो, पण हिशेबाच्या वह्या दोन असतात.

पक्षनिधी पक्षाच्या खात्यात जातो. त्यातून ऑफिसचं भाडं भागतं, मोर्चाची गाडी निघते, दुसऱ्या जिल्ह्यातला प्रचारही होतो. पक्षाच्या खर्चाला कायद्यात कमाल मर्यादा नाही. मात्र एका देणगीचे 2,000 रुपयांवर रोख घेतले, तर पक्षाची प्राप्तिकर-सवलत धोक्यात येते. वर्षात 20,000 रुपयांवर देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागतं. मावशींचे 50 त्याच्या आसपासही नाहीत. त्यांचं नाव पक्षाच्या दप्तरात राहतं.

उमेदवाराचं तसं नाही. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी त्याला निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. 2022 पासून महाराष्ट्रात विधानसभेला खर्चाची मर्यादा 40 लाख, लोकसभेला 95 लाख. मर्यादा खर्चावर आहे, जमा होणाऱ्या पैशावर नाही. कितीही वर्गणी आली तरी 40 लाखांपुढे हात आखडावाच लागतो. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षं अपात्र ठरण्याची पाळी येऊ शकते. (महापालिकेला राज्य निवडणूक आयोगाचे नियम, ते निराळे.)

करवजावट मिळते ती पक्षाला दिलेल्या पैशावर, तीही रोख नसेल आणि जुनी करपद्धत घेतली असेल तर. उमेदवाराला दिलेल्यावर काही नाही. विडी वळणाऱ्या बाईला दोन्ही सारखंच म्हणा!

खरी गंमत नावाची आहे. उमेदवाराच्या रोख नोंदवहीत पैसे कुणाकडून आले, त्याचं नाव-पत्ता लिहायचा असतो, रक्कम कितीही किरकोळ असो. ही वही प्रचारकाळात किमान तीनदा तपासली जाते आणि पानाला 1 रुपया भरून कुणीही तिची प्रत मागू शकतो. म्हणजे पक्षाला 15,000 देणारा आयोगाच्या यादीत दिसत नाही, अन् उमेदवाराला 50 देणारी मावशी दिसते.

हे मी जमेल तसं सांगितलं. मावशींनी एकदा मागं वळून ब्रँचच्या दाराकडं पाहिलं.

"पार्टीचीच फाडा मग," त्या म्हणाल्या. "आमचा मालक तेवढा रुपया घालील की ओ."