झाकली मूठ आणि आतली बोटं

‘बहीण म्हणवतेस आणि चारचौघांत माझ्याविरुद्ध बोलतेस?’ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मैत्रिणींमध्ये असं भांडण झालं की ते त्या दोघींपुरतंच वाटतं. मैत्रिणीने प्रत्येक वादात आपली बाजू घ्यावी, आपलं जिच्याशी बिनसलंय तिच्याशी तिनेही अबोला धरावा, काही खटकलं तरी बाहेर ब्र काढू नये. या अपेक्षांचं खापर बहुतेक वेळा स्वभावावर फोडलं जातं. मला ते अर्धवट वाटतं, कारण ही सवय शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती लागली तेव्हा तिचा उपयोग होता.

1895 साली मिसूरीतल्या एका पत्रकार संघटनेच्या अध्यक्षाने इंग्लंडला पाठवलेल्या पत्रात कृष्णवर्णीय बायकांना सरसकट वेश्या, चोर आणि खोटारड्या ठरवलं. त्या पत्राने बायका पेटून उठल्या. त्याच वर्षी कृष्णवर्णीय कार्यकर्त्या जोसेफिन सेंट पिएर रफिन यांनी बॉस्टनला परिषद बोलावली आणि 1896 मध्ये कृष्णवर्णीय महिला मंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ‘आपण वर चढताना इतरींनाही वर घ्यायचं’ हे तिचं ब्रीद. पण वर घेणं आलं की नजर ठेवणंही आलं. एकीचं पाऊल घसरलं तर बोट सगळ्यांकडे दाखवलं जाणार, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मुठीत पहिल्यांदा चिरडली गेली ती एक मैत्री. संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष मेरी चर्च टेरेल आणि पत्रकार आयडा बी. वेल्स या दोघींचा मेम्फिसमधला एक मित्र होता, किराणा दुकान चालवणारा टॉमस मॉस. 1892 मध्ये झुंडीने त्याला ठार मारलं. वेल्स त्याच्या मुलीची धर्ममाता. त्या हत्येनंतर त्यांनी झुंडबळींविरुद्ध लेखणी उचलली ती कायमचीच. दोघींचं दुःख एकच होतं. तरी 1899 मध्ये संघटनेचं अधिवेशन शिकागोला, म्हणजे वेल्स यांच्याच गावात भरलं, तेव्हा कार्यक्रमात त्यांना जागा नव्हती. वेल्स आत्मकथनात लिहितात की टेरेल यांनी कारण दिलं ते असं: तुम्ही असाल तर आम्ही मदत करणार नाही, असं शिकागोच्या बायकांनीच कळवलंय. ही एका बाजूची हकिकत, हे खरं. पण वेल्स फटकळ होत्या, कुणाची भीड ठेवत नव्हत्या, आणि फटकळ बाई संघटनेला नेहमीच जड जाते.

गप्प राहण्याचं मूळ त्याहून खोल आहे. इतिहासकार डार्लीन क्लार्क हाइन यांनी 1989 मध्ये ते नेमकं मांडलं. गुलामीत मालकाकडून आणि पुढे घरकामाच्या ठिकाणी होणाऱ्या बलात्कारांपासून जीव वाचवताना या बायका वरवर मोकळ्या वागायला आणि आतलं काहीच कळू न द्यायला शिकल्या. बाहेरच्यासमोर तोंड बंद ठेवणं हे चिलखत होतं. चिलखत घरातही अंगावर राहिलं की जवळच्यांना बोचतं.

‘विमेन ऑफ कलर’, म्हणजे गोऱ्या नसलेल्या सगळ्या स्त्रिया, ही संज्ञाही एकमेकींना धरून राहण्याच्या ओढीतून आली. 1977 च्या ह्यूस्टन इथल्या राष्ट्रीय महिला परिषदेत कृष्णवर्णीय बायकांच्या मागण्यांच्या मसुद्याशी इतर अल्पसंख्याक बायकांनीही जोडून घेतलं, तेव्हा ती पुढे आली, असं कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात. त्यांच्या मते हे कातडीच्या रंगाचं वर्णन नाही, एकमेकींसोबत काम करण्याचं वचन आहे. वचन आलं की ते मोडल्याचा आरोपही मागोमाग येतोच.

1991 मध्ये कृष्णवर्णीय प्राध्यापिका अनिता हिल यांनी, सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेले कृष्णवर्णीय न्यायाधीश क्लेरन्स थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला तेव्हा तो फितुरीचाच आरोप उसळला. सगळे गोरे पुरुष असलेल्या सिनेटच्या समितीसमोर आपल्या माणसाला उघडं पाडलं, असं अनेक कृष्णवर्णीय बायकांनाही वाटलं. उलट बाजूने 1,603 कृष्णवर्णीय स्त्रियांनी सह्या करून, आपसांत वर्गणी काढून 17 नोव्हेंबरच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये निवेदन छापलं. आपल्याकडे 1995 मध्ये गोपाळ गुरूंनी दलित स्त्रिया वेगळं का बोलतात हे लिहिलं, तेव्हा त्यामागेही हीच कोंडी होती: चळवळीतल्या पुरुषांबद्दल बोललं तर चळवळ दुबळी होते म्हणायचं, आणि सवर्ण बायका तर आपल्या वतीने बोलायला तयारच.

मैत्रीबद्दल सर्वांत थेट बोलल्या त्या कवयित्री ऑड्री लॉर्ड, 1983-84 च्या सुमारास. दुसऱ्या कृष्णवर्णीय बाईवर आपला राग इतका तुटून का पडतो, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं की लहानपणापासून आपल्याबद्दलचा जो द्वेष पचवला, त्याचा चेहरा समोरचीत दिसतो. म्हणून तिने जराही चुकू नये, असा हट्ट.

शिकागोची गोष्ट मात्र तिथेच संपली नव्हती. शिकागोतल्या हल हाउस या समाजसेवा केंद्राच्या जेन ॲडम्स यांनी अधिवेशनाला आलेल्या बायकांना जेवायला बोलावलं. ते आमंत्रण टेरेल यांच्यापर्यंत पोचवलं आयडा वेल्स यांनी.